त्र्याऐंशी खाती, सात पत्रं

“आपण काहीच करायचं नाही,” आई म्हणाली, “पण खूप काही करतोय असं दिसलं पाहिजे. बारा दिवस. जमेल?”

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जिमखान्याच्या भांडारखोलीत डंबेल्सच्या पेटाऱ्यावर बसले होते. समोर लेझीमांचा ढीग, आणि त्याच्या शेजारी आमच्या कॉलेजचा मेल सर्व्हर. त्याला सर्व्हर म्हणणं ही आईची माया. प्रत्यक्षात तो लायब्ररीनं टाकून दिलेला एक कॉम्प्युटर होता, बाजूचं झाकण काढलेला, आणि त्याच्या तोंडावर एक टेबलफॅन बारा महिने चालू असायचा. पण माणदेशातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजचं सगळं टपाल नऊ वर्षं त्यानं बिनबोभाट पोचवलं होतं. आई संख्याशास्त्र शिकवायची. सर्व्हरचं काम तिला कुणी दिलं नव्हतं. तिनंच पुस्तकं मागवून, चुकत चुकत, ते उभं केलं, आणि चालतंय म्हटल्यावर प्राचार्यांनी ते तिच्या नावावर टाकलं.

तिच्या हातात विद्यापीठाचं परिपत्रक होतं. सर्व संलग्न कॉलेजांनी आपापले ईमेल महिनाअखेर एका बड्या परदेशी कंपनीच्या क्लाउडवर हलवावेत. न हलवल्यास पुढच्या मूल्यांकनात गुण कापले जातील. सेवा फुकट आहे, हे एका पानात तीनदा लिहिलं होतं.

“फुकट द्यायची एवढी घाई मी आजवर कुणाला झालेली पाहिली नाही,” आई म्हणाली.

“मग नाही म्हण ना.”

“मला विचारलंय कुठं कुणी?”

नुसतं परिपत्रक असतं तर आईनं चार खरमरीत पत्रं लिहिली असती, आपलं टपाल आपल्या कपाटात असावं की दुसऱ्याच्या यावर स्टाफरूममध्ये वाद घातला असता, आणि शेवटी सगळं हलवलंही असतं. पण परिपत्रकाच्या तळाशी संस्थेचे सचिव आबासाहेब जामदार यांनी हिरव्या शाईत दोन ओळी लिहिल्या होत्या. नव्या सेवेची मुख्य किल्ली संस्थेच्या कार्यालयाकडे राहील. तक्रार निवारण समितीची पेटी सर्वांत आधी हलवावी.

मुख्य किल्ली ज्याच्याकडे, त्याला कॉलेजातल्या कुणाचंही खातं उघडून वाचता येतं. तोवर ती आईकडे होती. आणि तक्रार समितीची सचिवही आईच होती.

त्या पेटीत सात पत्रं आलेली होती. सातही रसायनशास्त्राच्या प्रा. इंगवल्यांबद्दल. आईनं मला त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं, पण काय असणार हे कॉलेजातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. जर्नलवर सरांची सही नसली की प्रॅक्टिकलला बसता येत नाही, आणि इंगवले सर काही मुलींना सांगायचे, जर्नल रविवारी घरी घेऊन या, एकट्या या. इंगवले आबासाहेबांचे जावई. समितीत निनावी पत्र चालत नसे, त्यामुळे सातही पत्रांखाली नावं होती. सतरा तारखेला समितीच्या बाहेरच्या सदस्य, साताऱ्याच्या ॲडव्होकेट तांबोळी मॅडम येणार होत्या. त्यांच्यासमोर मूळ पत्रं उघडायची आणि मुलींना बोलवायचं, असं ठरलं होतं. आज पाच तारीख होती.

“पुसून टाकली तर पुरावा नष्ट केला म्हणतील,” आई म्हणाली. “हलवली तर नावं आबासाहेबांच्या हातात. मग काय होणार माहितीय? कुणी दमदाटी करणार नाही. आबासाहेबांची जीप मुलीच्या घरी जाणार, चहा पिणार, पोरीच्या लग्नाचं काय ठरवताय म्हणून विचारणार. दुसऱ्या दिवशी पत्र मागं.”

“आणि बारा दिवस कसे काढणार?”

आईनं परिपत्रकाची घडी घातली आणि ती हसली.

आई गेली त्याला आता आठ महिने होतील. शोकसभेत चार वक्त्यांनी तिला तत्त्वनिष्ठ म्हटलं. चूक नव्हतं ते. पण मी खाली मान घालून बसले होते आणि मला दिसत होती ती लेझीमांच्या ढिगाशेजारी उभी राहून हसणारी, अत्यंत लबाड बाई.

सात तारखेला पुण्याहून कंपनीचे प्रतिनिधी आले. मोहनीश टिपणीस. चाळिशीचे, घाऱ्या डोळ्यांचे, गळ्यात ओळखपत्र, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी दिलासा देणारं हसू.

“मॅडम, टोटल अर्ध्या तासाचं काम आहे.”

“अगदी खरं,” आई म्हणाली. “आधी चहा घ्या.”

चहा प्राचार्य शेट्यांच्या केबिनमध्ये झाला. मला आईनं मदतनीस म्हणून हाताशी घेतलं होतं. माझ्याकडे फायली होत्या, आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या होत्या. चहा संपत आला तेव्हा आईनं अतिशय साध्या आवाजात विचारलं, “सर, एकच शंका. खाती हलवायची कुठल्या क्रमानं?”

“क्रम नसतो मॅडम,” टिपणीस म्हणाले. “सगळी एकदम जातात.”

“एकदम म्हणजे? आत मशीनमध्ये एकामागून एकच जात असतील ना?”

“तसं टेक्निकली एकामागून एकच, पण ते इतकं फास्ट...”

“बघा सर,” आई प्राचार्यांना म्हणाली. “एकामागून एक.”

प्राचार्यांनी कप खाली ठेवला. आमच्या कॉलेजात एकामागून एक म्हटलं की काळजीचं कारण असे. हजेरीपटापासून ग्रुप फोटोच्या खुर्च्यांपर्यंत कुठलीही गोष्ट एकामागून एक करायची तर ती सेवाज्येष्ठतेनुसार करायची असा दंडक होता. स्टाफरूममध्ये सर्जेरावमामा चहासुद्धा त्याच क्रमानं द्यायचे, त्यामुळे कनिष्ठ माणसं गार चहा पिऊन मोठी झाली होती.

“वर्णानुक्रमानं करूया?” टिपणीस उत्साहानं म्हणाले. “अल्फाबेटिकली?”

“म्हणजे सगळ्यांत आधी अवघडे जाणार,” प्राचार्य म्हणाले. “ते प्रयोगशाळा परिचर आहेत. आणि मी त्यांच्यानंतर सत्तर-बहात्तर माणसांनी?”

टिपणिसांना यात अडचण काय ते कळलं नाही, पण ते हसले.

“सेवाज्येष्ठतेनुसारच करा,” प्राचार्यांनी निर्णय दिला.

“आपण म्हणाल तसं, सर,” आई म्हणाली आणि तिनं ते लिहून त्यांची सही घेतली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं माझा दंड इतका जोरात दाबला की मला ओरडावंसं वाटलं.

कारण आमच्या कॉलेजच्या सेवाज्येष्ठतेच्या यादीवर गेली नऊ वर्षं खटला चालू होता. हिंदीचे लोखंडे सर आणि भूगोलाचे दीक्षित सर एकाच दिवशी नोकरीवर रुजू झाले होते. दीक्षित मध्यान्हपूर्व आणि लोखंडे मध्यान्होत्तर, अशी नोंद होती. लोखंड्यांचं म्हणणं, आपण सकाळी साडेदहालाच आलो होतो, पण हेडक्लार्क डोईफोडे भाऊसाहेब जागेवर नव्हते. दोघांत सातवा कोण आणि आठवा कोण, हे न्यायाधिकरणालाही अजून ठरवता आलेलं नव्हतं.

आठ तारखेला सूचनाफलकावर यादी लागली. समितीची पेटी तीत सचिवाच्या, म्हणजे आईच्या, ज्येष्ठतेनुसार बरीच खाली गेली होती. शिवाय आईनं प्रत्येक खातेदाराचं संमतीपत्र मागवलं होतं, तीन प्रतींत, पासपोर्ट फोटोसह. फोटो कशाला, हे कुणीही विचारलं नाही. आमच्याकडे फोटो मागितला की माणसाला काम गंभीर आहे असं वाटतं.

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये संमतीपत्रं वाटत होते.

“पाटणकर बाई,” लोखंडे सर आईला म्हणाले, “फलकावर मी आठवा आहे.”

“तुम्ही नाही सर, तुमचं खातं आठवं आहे.”

“मी सही केली म्हणजे मी आठवा आहे हे मी मान्य केलं. उद्या हे दीक्षित तोच कागद न्यायाधिकरणात नाचवतील.”

“नाचवीन कशाला?” दीक्षित सर डब्यातून मान न काढता म्हणाले. “नुसता दाखवीन. लहान माणसालासुद्धा कळेल.”

“ऐकलंत? ऐकलंत बाई? मी सही करणार नाही.”

“मग सातव्यानं सही करून काय उपयोग?” आई दीक्षितांकडे वळली. “सरांनी केली नाही तर यादी तिथंच अडणार.”

“अडू दे की. मी मात्र आधी सही करणार नाही. मी केली आणि यांनी नाही केली, तर मी घाई केली असं दिसेल. दोषी माणूस घाई करतो.”

टिपणीस कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांना राहवलं नाही. “सर, मी काय म्हणतो, आपण तुम्हा दोघांना एकाच सेकंदाला हलवू. सेम सेकंद. मी तसं सेटिंग करून देतो.”

 दोघांनी प्रथमच एकमेकांकडे पाहिलं. आईचा चेहरा पडल्यासारखा मला वाटला.

मग दीक्षित सरांनी चपातीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, “आणि स्क्रीनवर वर कुणाचं नाव दिसणार?”

टिपणीस त्या दिवशी पुण्याला परतले. अकरा तारखेला पुन्हा आले तेव्हा वकिलांच्या सल्ल्यानं दोघांचीही हरकतपत्रं आलेली होती, आणि प्रत्येक हरकतपत्राची आवक नोंद होऊन त्याला उत्तर जायचं बाकी होतं. सातव्याच्या खालचे सगळे म्हणत होते, वरचं ठरल्याशिवाय आम्ही सह्या कशा करायच्या? वरच्या सहा जणांनी सह्या केल्या, पण त्यातल्या दोघांचे फोटो कृष्णधवल असल्यानं आईनं ते अत्यंत खेद व्यक्त करून परत पाठवले.

“मॅडम,” टिपणीस घाम पुसत म्हणाले, “मी चाळीस कॉलेजं केली. असं कुठंच झालं नाही.”

“तिथं लोक नियम पाळत नसतील,” आई म्हणाली. “कांदाभजी घ्या. आमच्या कॅन्टीनची चांगली असतात.”

घरी आल्यावर ती त्यांची नक्कल करायची. घाऱ्या डोळ्यांची नक्कल कशी करतात मला माहीत नाही, पण ती करायची. हसता हसता मी मध्येच थांबले की तीही थांबायची, आणि मग उठून काहीतरी आवरायला लागायची.

चौदा तारखेला आबासाहेब स्वतः आले. पांढरा सदरा, हातात जाड अंगठी, आवाज कधीच चढलेला नाही. प्राचार्य त्यांच्यामागं, आणि त्यांच्यामागं वहीपेन घेऊन डोईफोडे भाऊसाहेब. भाऊसाहेबांना नोकरी आबासाहेबांच्या वडिलांनी लावली होती. संस्थेच्या कार्यालयात इथली पानं हलली तरी कळायचं ते भाऊसाहेबांकडून, असा सगळ्यांचा समज होता, आईचासुद्धा.

भांडारखोलीच्या दारात उभं राहून आबासाहेबांनी टेबलफॅनकडे पाहिलं.

“हे होय ते?”

“हेच,” आई म्हणाली.

“बाई, तुम्ही हुशार आहात. नियमानं चालता. चालावं माणसानं.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ही तुमची मुलगी ना? केमिस्ट्री घेतलंय म्हणे. काय बाळ, अभ्यास बरा चाललाय?”

मी हो म्हटलं. आईचा हात कीबोर्डवर होता, तो तिथंच राहिला.

“छान. तर असं करायचं,” आबासाहेब म्हणाले. “क्रम-बिम काही नाही. सोळा तारखेला सभागृहात कार्यक्रम घ्यायचा. मी एकदा बटण दाबीन, त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी खाती जातील. सगळ्यांचे फोन नंबर, फॉर्म, जे काय भरायचं ते डोईफोडे भरतील. तुम्ही दमलात. तुम्ही फक्त कार्यक्रम झाल्यावर हे मशीन बंद करा.”

“सतराला केलं तर चालणार नाही का?” आईनं विचारलं.

“सतराला तुमची मीटिंग आहे ना कसली तरी,” आबासाहेब म्हणाले. “त्याच्या आतच झालेलं बरं.”

ते गेल्यावर टिपणिसांनी समजावून सांगितलं. प्रत्येक खात्याला त्या त्या माणसाचा मोबाईल नंबर जोडायचा. बटण दाबलं की प्रत्येकाच्या फोनवर एक आकडा येतो. तो टाकला की खातं उघडतं, आणि मग जुनी पत्रं इकडून तिकडं जातात. सगळ्यांत आधी तक्रार समितीची. आईनं सगळ्या खातेदारांच्या नंबरांची टाईप केलेली यादी निमूटपणे भाऊसाहेबांना दिली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, “व्हय मॅडम. करतो.”

त्या संध्याकाळी घरी नक्कल झाली नाही. आईनं तांबोळी मॅडमना फोन लावला. त्या सोळाला कोर्टात होत्या, सतराच्या आधी येणं शक्य नव्हतं. आईनं पिठलं केलं. आम्ही जेवलो.

“आता?” मी विचारलं.

“आता माझ्याकडे काही नाही गं,” ती म्हणाली. तिच्या तोंडून असं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

सोळा तारखेला सभागृहात कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. माऊसला कुंकू लावल्यामुळे तो चिकटत होता, म्हणून टिपणिसांनी दुसरा काढला. नारळ फुटला. प्राचार्यांनी डिजिटल युगावर वीस मिनिटं भाषण केलं. पहिल्या रांगेत प्राध्यापक सेवाज्येष्ठतेनुसार बसले होते, सातव्या आणि आठव्याच्या मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून. इंगवले सर दाराशी उभे होते, दोन्ही हात खिशात घालून. मी आणि आई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होतो.

आबासाहेबांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या.

मग सगळ्यांनी आपापले फोन बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं. काहीच आलं नाही. फक्त व्यासपीठाच्या पायरीवर बसलेल्या भाऊसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात टिंग झालं. मग पुन्हा टिंग. मग इतक्या झपाट्यानं टिंग टिंग टिंग व्हायला लागलं, की सर्जेरावमामा आरतीची घंटा समजून पायांतल्या चपला काढायला लागले.

“डोईफोडे,” प्राचार्य म्हणाले, “फोन बंद करा.”

“सर, बंद कसा करू? आकडे येत्यात.”

“कुणाचे?”

“समद्यांचे.”

टिपणीस व्यासपीठावरून जवळजवळ उडी मारून खाली आले. “भाऊसाहेब, तुम्ही नंबर कुणाचे टाकलेत?”

“माझा.”

“सगळ्यांना?”

“मग? शिष्यवृत्तीचे फॉर्म माझ्याच नंबरवर. परीक्षेचे माझ्याच नंबरवर. दीक्षित सरांचा गॅस माझ्याच नंबरवर येतो. तीस वर्षं असंच चाललंय साहेब. प्राध्यापक मंडळी नंबर बदलत्यात, मी बदलत न्हाई.”

पहिल्या रांगेतल्या कित्येकांनी मान डोलावली. ते खरंच होतं.

“ठीक आहे, ठीक आहे,” टिपणीस म्हणाले. “आकडे वाचा. पटापट. पहिला?”

भाऊसाहेबांनी चष्मा लावला, फोन लांब धरला. “मेसेजची जागा भरली म्हणतोय. जुने काढा म्हणतोय.”

“काढा!”

“काढतो. ही दीक्षित सरांची गॅसची पावती. ठेवू का सर?”

“अहो काढा!” दीक्षित ओरडले.

“ह्यो पाहुण्यांचा हाय. वास्तुशांतीचा. झाली ती. काढतो. ह्यो...”

तेवढ्यात पडद्यावर लाल चौकट आली. टिपणिसांनी ती वाचली आणि खुर्चीत बसले.

“काय झालं?” आबासाहेबांनी विचारलं.

“सर, सिस्टीमला संशय आलाय. त्र्याऐंशी खाती एकच माणूस उघडतोय असं तिला दिसतंय. म्हणजे फसवणूक. तिनं सगळी खाती बंद केली. अठ्ठेचाळीस तास.”

“कोण फसवतंय?”

टिपणिसांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब अजून मेसेज काढत होते.

“उघडायला सांगा. कुणाला फोन लावायचा?” आबासाहेबांनी स्वतःचा फोन काढला. त्या माणसानं आयुष्यातलं प्रत्येक काम एका फोनवर केलं होतं.

“फोन नसतो सर. ऑनलाइन अर्ज करायचा. उत्तर मेलवर येतं.”

“कुठल्या मेलवर?”

“तो... जो बंद झालाय, त्याच्यावर.”

“मालक कुठं असतो कंपनीचा?”

“अमेरिकेत.”

आबासाहेबांनी सभागृहावरून नजर फिरवली. “आपलं कोण आहे अमेरिकेत?”

“माझा साडू आहे,” प्राचार्य म्हणाले. “पण तो शिकागोला असतो, आणि त्याचं दातांचं आहे.”

आईनं पदर तोंडाला लावला आणि ती खोकली. बराच वेळ खोकत राहिली.

संध्याकाळी भांडारखोलीत टेबलफॅन चालू होता आणि टपाल नेहमीसारखं येत-जात होतं. भाऊसाहेब आवकजावक रजिस्टर घेऊन आत आले. आबासाहेब त्यांना सगळ्यांसमोर बरंच बोलले होते.

“भाऊसाहेब,” आई म्हणाली, “मी तर सगळ्यांचे नंबर तुम्हाला टाईप करून दिले होते.”

“दिले होते की.”

“मग?”

“फाईलला लावलेत. व्यवस्थित.” त्यांनी रजिस्टर पुढं केलं. “इथं सही करा मॅडम. उद्या साताऱ्याच्या बाई किती वाजता येणार? मामाला एसटी स्टँडवर पाठवतो.”

आईनं सही केली. पेन परत दिल्यावर तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण भाऊसाहेब तोवर दाराबाहेर गेले होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तांबोळी मॅडम आल्या. भांडारखोलीबाहेर जिन्याजवळ एक लांब बाक होता. त्याच्यावर सहाजणी बसल्या होत्या. सातवी मी.

मी पत्र लिहिलं होतं ते लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून, चार ओळींचं, खाली नाव घालून. आई समितीची सचिव आहे हे मला माहीत होतं. तरी लिहिलं, आणि त्यानंतर रोज तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं वाचलं का? वाचलं असेल तर बोलत का नाही? ती विचारेल म्हणून मला भीती वाटत होती, आणि ती विचारत नाही म्हणून रागही येत होता. त्या दिवसांत ती दर मंगळवारी आणि गुरुवारी, आमच्या प्रॅक्टिकलच्या वेळेलाच, स्क्रूड्रायव्हर घेऊन रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये यायची आणि भिंतीतलं एक सॉकेट उघडून तासभर काहीतरी करत बसायची. त्या सॉकेटला काही झालेलं नव्हतं. मला मैत्रिणींसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सव्वादहाला भांडारखोलीचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. आत तिनं मशीन सुरू करून दिलं होतं, पासवर्ड घातला होता, खुर्ची तांबोळी मॅडमना दिली होती. आणि एक कागद दिला होता, तो मी नंतर पाहिला. तक्रारदारांपैकी एक जवळची नातेवाईक असल्यानं मी या बैठकीत बसत नाही. सातपैकी सहा पत्रं मी वाचली आहेत.

बाकाशी येऊन ती थांबली. तिनं मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“सरकून बस जरा,” ती म्हणाली.

मी सरकले. ती माझ्या शेजारी बसली, आठवी. आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. एकेक नाव पुकारलं जात होतं. सगळ्या आत जाऊन आल्या. कुणाचंही पत्र मागं गेलं नाही. माझं नाव आलं तेव्हा आई उठली नाही, माझा हात धरला नाही. फक्त माझ्या ओढणीचं टोक बाकाच्या फटीत अडकलं होतं, ते तिनं सोडवून दिलं.

महिनाभरात इंगवल्यांकडून प्रॅक्टिकल काढून घेतली, पुढच्या सत्रात त्यांना दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं. याहून जास्त व्हायला हवं होतं. आईला पुढची दोन वर्षं शनिवार दुपारचे सगळे तास मिळाले. समितीची सातही पत्रं तांबोळी मॅडमच्या ताब्यात गेल्यावर एकोणीस तारखेला तिनं टिपणिसांना बोलावलं आणि उरलेलं सगळं टपाल स्वतःच्या हातानं त्यांच्या क्लाउडवर हलवलं. खरंच अर्ध्या तासाचं काम होतं.

आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी पुण्याला शिकले, नोकरी केली, घरी येत-जात राहिले. टिपणिसांची नक्कल ती पाहुण्यांसमोर करायची, भाऊसाहेब गेले तेव्हा ती रडलेली मी पाहिली, पण त्या बाकापाशी आलो की आम्ही दोघीही विषय बदलायचो. त्याला अकरा वर्षं झाली.

गेल्या वर्षी ती हॉस्पिटलमध्ये होती. औषधानं गुंगी यायची, पण सकाळचे दोन तास ती स्वच्छ असायची. अशा एका सकाळी मी तिला विचारलं.

“माझं पत्र तू वाचलंच नाहीस?”

कुठलं पत्र, असं तिनं विचारलं नाही.

“नाही.”

“पण नाव दिसलं होतं.”

“नाव दिसतंच. पाकिटावर असतं ते.”

“तू सचिव होतीस. तुझा हक्क होता. बारा दिवस ते तुझ्यासमोर होतं, आई.”

ती खिडकीकडे बघत होती. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागं घेत होतं, आणि दुसरं कुणीतरी येऊ द्या, येऊ द्या म्हणत होतं.

“तू समितीला लिहिलं होतंस,” ती म्हणाली. “मला नव्हतं लिहिलंस.”

मी तिच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं.

“मी वाट बघत होते,” ती म्हणाली. मग तिनं मान वळवली, आणि त्या आजारी, ओढलेल्या चेहऱ्यावर तिचं ते लबाड हसू आलं. “माझ्याकडे तक्रार करायला मुदत ठेवलेली नाही मी. सांग आता.”

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तिला सांगायला लागले.